पिस्टन रिंगा: साधं बीड, क्रोम, मॉली की स्टील? (८० मिमी बोअरच्या डिझेल इंजिनाच्या निमित्ताने)

बोअरगेज

इंजिन विहिरीवर सर्रास दिसणारं, एव्ही-वन जातीचं: एक सिलिंडर, ८० मिमी बोअर, ११० मिमी स्ट्रोक, ५ एचपी, १५०० आरपीएम, पाण्यानं थंड होणारं. लोड आला की निळसर धूर, ब्रिदरमधून (खालच्या पेटीतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फुसफुस, हँडल मारताना कॉम्प्रेशन हलकं लागतं. उघडल्यावर घेतलेली मापं:

लायनर (सिलिंडरची आतली, बदलता येणारी नळी), वरून १५ मिमी खाली: क्रँकच्या आडव्या दिशेत ८०.१८, गजन पिनच्या (पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या) दिशेत ८०.१३
लायनर, मध्यावर: ८०.०८
लायनर, तळाशी: ८०.०३
जुन्या रिंगांचा गॅप (दोन टोकांमधली फट), लायनरच्या तळाशी घालून: वरची १.१०, दुसरी ०.७५, ऑइल रिंग ०.६०
वरच्या खाचेत नवी रिंग घालून बाजूची फट: ०.१७

दुकानात तीन तऱ्हेचे सेट मिळतात. पूर्ण साध्या बिडाचा, वरची रिंग क्रोमची असलेला, आणि "मॉलीवाला" (मॉलिब्डेनमचा) म्हणून सगळ्यात महाग. प्रश्न दोन. नुसत्या रिंगा बदलून भागेल का? आणि भागत नसेल तर नव्या लायनरबरोबर कोणत्या रिंगा? "महाग तेच चांगलं" हे उत्तर दुकानदारानं दिलेलं आहे, ते पुन्हा नको.

मायक्रॉन

धातूचा विषय जरा थांबवा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे: भागणार नाही.

व्यासात जेवढा फरक पडतो, त्याच्या ३.१४ पट फरक रिंगच्या गॅपमध्ये पडतो. तुमच्या लायनरला वरून खाली ०.१५ चा टेपर आहे. ०.१५ गुणिले ३.१४ म्हणजे ०.४७ मिमी. नव्या रिंगचा गॅप तळाशी ०.३० ठेवलात तर तीच रिंग वर गेल्यावर तो ०.७७ होणार, आणि वर म्हणजे नेमकं जिथे जळणाचा सगळ्यात जास्त दाब असतो तिथेच. उलट करून वरच्या भागात ०.३० बसवलात तर तळाशी जागाच उरत नाही. टोकं एकमेकांवर आपटतात, रिंग कमानीसारखी ताणली जाते आणि तुटते किंवा लायनर ओरबाडते. म्हणून वापरलेल्या लायनरमध्ये गॅप नेहमी तळाशी, न झिजलेल्या भागात मोजायचा.

शिवाय रिंग प्रत्येक फेऱ्याला एकदा उघडते आणि एकदा मिटते. १५०० आरपीएमला मिनिटाला १५०० वेळा हा अर्ध्या मिलिमीटरचा श्वास. त्यात रिंग खाचेत आत-बाहेर घासते, आणि रिंगपेक्षा खाच आधी जाते. तुमची ०.१७ ही फट त्याचाच पुरावा आहे. नव्या पिस्टनला ती साधारण ०.०५ ते ०.०९ असते, ०.१५ च्या पुढे पिस्टन बाद धरतात.

वरच्या भागातला ८०.१८ आणि ८०.१३ मधला ०.०५ चा अंडाकारही आहेच. रिंग गोल, भोक लांबट, मग कडेनं वायू निसटणारच.

लायनर, पिस्टन, गजन पिन आणि रिंगा, पूर्ण सेट घ्या. होन मारून (दगडानं आतून घासून) जुनं लायनर परत घालण्यात अर्थ नाही.

ओतकाम

मायक्रॉन यांच्याशी सहमत. आता धातूंकडे येतो. दुकानात प्रत्येक प्रकाराला एकेक गुण चिकटवून विकतात, म्हणून जरा सविस्तर.

रिंगेला तीन कामं करायची असतात: वायू अडवणं, पिस्टनची उष्णता लायनरला देणं आणि तेलाचा थर मोजून ठेवणं. हे सगळं करताना स्प्रिंगसारखी बाहेर दाबत राहायचं, तेही दोनशे-अडीचशे अंश तापमानात.

*साधं करडं बीड.* यात ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं. पृष्ठभागावर उघडे पडलेले पापुद्रे स्वतः वंगणाचं काम करतात, आणि झिजून गेले की त्यांच्या जागी तेल धरणाऱ्या बारीक खाचा उरतात. क्षणभर तेल कमी पडलं तरी साधी बिडाची रिंग लायनरला लगेच धरत नाही ती यामुळे. रिंगच्या बिडात कार्बन साडेतीन टक्क्यांच्या वर, सिलिकॉन अडीचच्या आसपास, आणि मुद्दाम ठेवलेला थोडा फॉस्फरस असतो. बाकीच्या ओतकामात फॉस्फरस जास्त झाला की माल नाकारला जातो. इथे तो कडक जाळं तयार करतो आणि झीज कमी होते. दुबळेपणा एकच: ठिसूळ आहे. वाकवण्याची ताकद ३०० ते ४५० मेगापास्कल.

*एसजी बीड.* वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घातलं की ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्या धरतं. ताकद एकदम १३०० मेगापास्कलच्या आसपास जाते. रिंग वाकते, सहज तुटत नाही. पण पापुद्रे गेले म्हणजे अंगचं वंगण बरंच गेलं. म्हणून एसजी रिंग वरच्या खाचेत नुसती सहसा नसते, तिच्यावर क्रोम किंवा मॉली असतं.

*स्टील.* वरच्या रिंगसाठी १३ ते १८ टक्के क्रोमियमचं मार्टेन्सिटिक स्टील, त्याला वायूनं नायट्राइड केलेलं. पृष्ठभागाचा कडकपणा १००० विकर्सच्या वर. करड्या बिडाचा स्थितिस्थापकता अंक १०० गिगापास्कलच्या आसपास, एसजीचा १६०, स्टीलचा २०० च्या पुढे. म्हणजे तेवढाच दाब द्यायला स्टीलची रिंग पातळ चालते. स्टीलचा खरा फायदा हा आहे. "स्टील म्हणजे टिकाऊ" एवढंच त्यात नाही.

पिस्टनचा सरासरी वेग पाहिला की कुठे काय लागतं ते कळतं. जुनं ६५० आरपीएमचं लिस्टर जातीचं इंजिन, स्ट्रोक १३९.७ मिमी: सेकंदाला ३ मीटर. तुमचं १५०० आरपीएमचं, स्ट्रोक ११०: साडेपाच मीटर. १०० सीसीची बाइक, स्ट्रोक ४९.५, ८००० आरपीएमला: १३ मीटरच्या वर. बाइकमध्ये जाड रिंग टोकाला पोचून दिशा बदलताना आपल्याच वजनानं खाचेत उचलली जाते आणि फडफडते. तिथे ०.८ किंवा १ मिमी जाडीची स्टीलची रिंग लागतेच. तुमच्या इंजिनात अडीच-तीन मिलिमीटरची बिडाची रिंग आरामात चालते, तिथे स्टीलचे पैसे फुकट.

काळा_धूर

+१. क्रोम आणि मॉली राहिलं. आणि एक शंका: लायनर आणि रिंग दोन्ही क्रोमचे घेतले तर दुप्पट टिकेल ना?

ओतकाम

अजिबात नको. क्रोमवर क्रोम कधीच चालवायचं नाही. दोन्ही कडक, दोन्ही तेल न धरणारे आणि एकाच जातीचे. उष्णता वाढली की एकमेकांना चिकटतात आणि सोलून निघतात. क्रोमच्या लायनरला साधी बिडाची रिंग, बिडाच्या लायनरला क्रोमची रिंग. जोडीत एक तरी तेल धरणारा पाहिजे.

*हार्ड क्रोम.* बिडाच्या रिंगच्या बाहेरच्या तोंडावर विजेनं चढवलेला थर, साधारण ०.१ ते ०.१५ मिमी जाड, कडकपणा ८०० ते १००० विकर्स. मोठा गुण धुळीतला. मातीचा कण मऊ पृष्ठभागात रुततो आणि मग रिंगच पॉलिश पेपर होऊन लायनर घासते. क्रोममध्ये कण रुतत नाही, म्हणून वरची रिंग क्रोमची केली की लायनरचंही आयुष्य वाढतं. दोष दोन: बसायला वेळ घेते, आणि अतिउष्णतेत लायनरला ओरखडे पाडते. अलीकडे क्रोमच्या बारीक भेगांत सिरॅमिकचे कण भरलेले थर येतात, त्यांनी हा दुसरा दोष बराच कमी केलाय. पण ते गाड्यांच्या मोठ्या डिझेलमध्ये.

*मॉली.* मॉलिब्डेनम २६०० अंशांच्या वर वितळतं, क्रोम १९०० च्या थोडं वर. रिंगच्या तोंडाच्या मधोमध खाच पाडून त्यात ते प्लाझ्मानं फवारतात. थर सच्छिद्र राहतो, छिद्रांत तेल साठतं. ओरखडे न पडण्यात ही रिंग सगळ्यात पुढे, आणि लवकर बसते. पण तीच छिद्रं धूळ पकडतात, आणि इंजिन नॉक करत असेल तर थराचे टवके उडतात. मग ते टवके लायनरमध्येच फिरत राहतात.

*पीव्हीडी.* निर्वात कक्षात क्रोमियम नायट्राइडचा १० ते ५० मायक्रॉनचा थर. क्रोमपेक्षा खूप कडक. क्रोम चढवण्याच्या हौदातलं षट्संयुजी क्रोमियम विषारी असतं, हेही उद्योग पीव्हीडीकडे वळण्याचं एक कारण.

शेतावरच्या, धुळीत चालणाऱ्या, साध्या बिडाच्या लायनरच्या इंजिनाला माझं उत्तर: वरची क्रोम, दुसरी साधी बिडाची निमुळत्या तोंडाची, ऑइल रिंग स्प्रिंगवाली. महाग मॉली इथे उलट तोट्याची.

स्पॅनर१४

दुकानात ओळखायचं कसं, ते पण लिहून ठेवतो. क्रोमची रिंग बाहेरच्या तोंडावर चांदीसारखी किंवा मंद राखाडी, बाकी अंग वेगळ्या रंगाचं. मॉलीला तोंडाच्या मध्यावर मळकट राखाडी पट्टा, वर-खाली बिडाची कड. नायट्राइड केलेलं स्टील सगळीकडून सारखंच करडं. काळी रिंग म्हणजे काही वेगळा धातू नव्हे, तो मॅंगनीज फॉस्फेटचा पातळ थर आहे. गंजू नये आणि सुरुवातीचे तास नीट बसावी म्हणून असतो, नंतर निघून जातो.

काळा रंग फासलेल्या रिंगाही मिळतात. थिनरच्या बोळ्यानं पुसा. फॉस्फेट उतरत नाही, रंग उतरतो.

एसजी की करडं बीड, हे लोहचुंबकानं कळत नाही, दोन्ही चिकटतात. दोऱ्याला टांगून टिचकी मारा: एसजी घंटेसारखी वाजते, करड्या बिडाचा आवाज बद्द येतो.

बोअरगेज

उत्तम माहिती. लायनर-पिस्टनसकट सेट ठरला, वरची रिंग क्रोम. आता गॅपबद्दल. कुणी ०.२५ सांगतं, कुणी ०.४०. काय धरायचं आणि का?

मायक्रॉन

इंजिनाच्या पुस्तकातला आकडा पहिला. तो नसेल तर पाण्याच्या डिझेलला १०० मिमी बोअरमागे ०.३० ते ०.४० मिमी. ८० ला ०.२४ ते ०.३२ येतो.

का, ते हिशेबानं पाहा. रिंगचा परीघ ८० × ३.१४ = २५१ मिमी. बिडाचा प्रसरणांक अंशामागे ०.००००११. रिंग लायनरपेक्षा १०० अंश जास्त तापते असं धरलं तर २५१ × ०.००००११ × १०० = ०.२८ मिमी. एवढी ती लायनरच्या तुलनेत वाढणार, म्हणजे गॅप थंड असताना एवढा तरी हवाच, म्हणून ०.२४ पेक्षा ०.३२ कडे झुका. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात रिंग आणखी तापते, तिथे १०० मिमीला ०.४० ते ०.५० धरतात.

कमी आणि जास्त यांत चूक करायचीच असेल तर जास्तीकडे करा. ०.१० जास्त राहिला तर थोडा वायू निसटेल, कमी पडला तर इंजिन बसेल.

कानस मारायची पद्धत: रिंग फडक्यात धरून बारीक कानस बाहेरच्या तोंडाकडून आतल्या दिशेनेच चालवायची. आतून बाहेर ओढली की क्रोमच्या कडेचा टवका उडतो. एकाच टोकाला मारा, दुसरं टोक मापासाठी तसंच ठेवा. मग कडेचा भुसा फक्त तेलाच्या दगडानं हलका काढा. मोजताना रिंग बोटानं ढकलू नका, पिस्टन उलटा करून त्याच्या डोक्यानं ढकला, तरच ती काटकोनात बसते. तिरकी बसली तर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खोटं सांगतं.

फिरकी

एक मुद्दा. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या रिंगचा गॅप वरच्याइतका किंवा कमी लिहिलेला असतो, कारण ती कमी तापते. नव्या इंजिनांत दुसरीचा मुद्दाम जास्त ठेवतात. वरून जे थोडं निसटतं ते दोन रिंगांच्या मध्ये कोंडलं तर वरची रिंग खालून उचलली जाते आणि तिचा खाचेच्या तळाशी असलेला सील सुटतो. दुसरीचा गॅप मोठा असला की कोंडलेला वायू खाली निघून जातो. दोघंही बरोबर, इंजिनागणिक. ज्याचं पुस्तक त्याचा आकडा.

आणि रिंगचा स्वतःचा ताण लायनरवर जेमतेम एक-दोन बारचा असतो. जळणाचा दाब साठ-सत्तर बार. म्हणजे वरची रिंग मुख्यतः आपल्या ताणानं नव्हे, तर तिच्या पाठीमागे शिरलेल्या वायूनं लायनरवर दाबली जाते. म्हणूनच बाजूची फट शून्य ठेवून चालत नाही. वायूला रिंगच्या मागे जायला वाट हवी. "घट्ट बसली म्हणजे चांगली बसली" हा गैरसमज आहे.

वंगण_आणि_व्यथा

बसवताना जिथे माती होते, ते लिहितो.

नवं लायनर कारखान्यातून होनिंग होऊन येतं, त्यावर पुन्हा होन फिरवू नका. ब्लॉकमध्ये बसवल्यावर मात्र बोअर पुन्हा मोजा. खालचा रबर रिंग जाड निघाला किंवा पिळला गेला तर लायनर त्या पट्ट्यात आत दबतं. बसवलेल्या लायनरमध्ये ०.०३ पेक्षा जास्त अंडाकार दिसला तर काढून रबर तपासा.

जुनंच पण मापात असलेलं लायनर वापरायचं असेल तर काचेसारखा गुळगुळीत झालेला पृष्ठभाग होननं मोडायचा. रेघा एकमेकींना ४५ ते ६० अंशांत छेदल्या पाहिजेत. साध्या बिडाच्या आणि क्रोमच्या रिंगेला २२० च्या दगडाची भरड चालते, मॉलीला २८० ते ३२० ची बारीक लागते. आणि वरच्या टोकाला न झिजलेली कडा राहिली असेल तर ती रीमरनं काढल्याशिवाय नवी रिंग घालू नका. जुनी रिंग झिजून त्या कडेच्या आकाराची झालेली असते. नवी चौकोनी रिंग पहिल्याच फेऱ्याला कडेवर आपटते, आणि रिंग किंवा पिस्टनचा पट्टा तुटतो.

होनिंगनंतर धुणं. हे शंभरातले नव्वद जण रॉकेलनं किंवा डिझेलनं करतात, आणि तिथेच चुकतं. रॉकेल तेल काढतं, पण दगडाचा कण रेघांत तसाच बसून राहतो. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ताठ ब्रश. मग कोरडं करून लगेच तेल लावा आणि पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर करडा डाग येत असेल तर पुन्हा धुवा. डाग येणं थांबेपर्यंत.

रिंग घडवताना तिच्या ताणाची काळजी घेतलेली असते, ती चढवताना घालवू नका. रिंग एका टोकानं पेचासारखी फिरवत चढवली की ती चाकासारखी सपाट राहत नाही, वाकडी होते, आणि मग कधीच पूर्ण टेकत नाही. रिंग उघडायची पक्कड (एक्सपांडर) वापरा आणि पिस्टनवरून जाईल इतकीच उघडा. फक्त तीन तुकड्यांच्या ऑइल रिंगच्या पातळ पट्ट्या हातानं फिरवून चढवायच्या.

स्पॅनर१४

ऑइल रिंगबद्दल भर. डिझेलमध्ये बहुधा दोन तुकड्यांची असते: बिडाची भोकांची रिंग आणि आतून गोल स्प्रिंग. स्प्रिंगचा सांधा रिंगच्या गॅपच्या बरोबर समोर, १८० अंशांवर. पेट्रोलच्या तीन तुकड्यांच्या रिंगमध्ये मधल्या स्प्रिंगपट्टीची (हिलाही एक्सपांडर म्हणतात) टोकं समोरासमोर टेकली पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. म्हणूनच त्या टोकांना बरेचदा दोन रंग असतात: बसवल्यावर दोन्ही रंग दिसले पाहिजेत. एकच दिसला तर टोक चढलंय, आणि ती गाडी पहिल्या दिवसापासून ऑइल पिणार.

ऑइल रिंगच्या खाचेतली भोकं तारेनं मोकळी करा. खरवडलेलं तेल तिथूनच खाली जातं. ती कार्बननं बुजली असतील तर नवी रिंगसुद्धा काही करू शकत नाही.

काळा_धूर

टॉपचा शिक्का वर, हे सगळ्यांना माहीत आहे. पण शिक्का नसलेल्या रिंगचं काय? आणि आतल्या कडेला जो उतार असतो तो वर की खाली?

फिरकी

वरच्या रिंगेला आतल्या कडेचा उतार सहसा वरच्या बाजूला. त्यामुळे रिंग किंचित पिळते आणि तोंडाची खालची कड लायनरवर टेकते. दुसरी निमुळत्या तोंडाची असेल तर रुंद बाजू खाली, आणि तिचा आतला उतार असलाच तर बहुधा खाली. नखासारखी आत वळलेली खाच असलेली रिंग म्हणजे तेल खरवडणारी, नख खालच्या बाजूला. निमुळती रिंग उलटी बसली तर ती तेल खाली खरवडण्याऐवजी वर पंप करते. नवीन रिंगा घालूनही इंजिन आधीपेक्षा जास्त धूर मारतं, त्यातली बरीच प्रकरणं ही असतात. पूर्ण चौकोनी, शिक्का नसलेली रिंग कशीही बसते.

गॅप एका रेषेत ठेवू नका. तीन रिंगा असतील तर १२० अंशांवर, आणि कुठलाही गॅप गजन पिनच्या टोकांवर किंवा पिस्टन ज्या बाजूला दाबला जातो तिथे नको. चार स्ट्रोकमध्ये रिंगा नंतर हळूहळू फिरतातच, त्यामुळे यावर अर्धा दिवस घालवू नका. दोन स्ट्रोकमध्ये मात्र खाचेत पिन असते, कारण रिंगचं टोक पोर्टमध्ये अडकलं तर तुकडे होतात. तिथे टोकं पिनेवरच बसली पाहिजेत.

वंगण_आणि_व्यथा

पिस्टन घेताना वरच्या खाचेकडेही बघा. चांगल्या डिझेल पिस्टनमध्ये वरची खाच ॲल्युमिनियममध्ये कापलेली नसते, तिथे निकेलयुक्त बिडाचं कडं ओतून बसवलेलं असतं. साधं बीड चालत नाही, कारण ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि कडं सुटतं. निकेल बिडाचा प्रसरणांक ॲल्युमिनियमच्या जवळ जातो. बोटानं टिचकी मारून आवाज बद्द आला तर कडं सुटलेलं आहे, तो पिस्टन परत करा.

बोअरगेज

रनिंग-इनबद्दल दोन मतं ऐकली. एक म्हणतं, पहिले आठ-दहा तास नुसतं फिरवत ठेवा, पंप जोडू नका. दुसरं म्हणतं, लगेच लोड द्या.

जुना_मिस्त्री

आठ-दहा तास बिनलोडचं फिरवणं ही चांगली सवय आहे. धातूला धातू बसायला वेळ लागतो. लगेच पंप जोडला की इंजिन तापतं आणि रिंगा चिकटतात.

मायक्रॉन

मिस्त्री, आदर ठेवून असहमत. फिरकी यांनी वर लिहिलंय की रिंग वायूच्या दाबानं लायनरवर दाबली जाते. लोड नाही म्हणजे दाब कमी, रिंग अर्धवट टेकलेली, तेल वर चढतं, भाजतं आणि होनिंगच्या रेघांत काचेसारखं बसतं. एकदा काच झाली की रिंग त्यावरून घसरत राहते, बसतच नाही. क्रोमच्या बाबतीत हे जास्त लवकर होतं. पुन्हा उघडून होन मारण्यावाचून उपाय उरत नाही.

तापण्याबद्दल तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यामुळे मधला रस्ता: १५-२० मिनिटं बिनलोड, इंजिन गरम होईपर्यंत, तेवढ्यात गळती आणि ऑइलचा दाब बघून घ्या. मग पंपाचा वाल्व्ह अर्धा ठेवून तास-दोन तास, मग तीन चतुर्थांश, मधूनमधून पूर्ण. पहिले २५ तास तासन्‌तास पूर्ण लोडवर सोडायचं नाही, आणि बिनलोड तर अजिबात नाही. साधं खनिज ऑइल. २५ तासांनी बदला, झिजलेला चुरा त्यातच असतो.

जुना_मिस्त्री

पूर्वीच्या साध्या बिडाच्या रिंगा बिनलोडवरही बसायच्या, सवय तिथली. क्रोमसाठी तुमचं म्हणणं मान्य.

ओतकाम

धाग्याच्या मूळ आकड्यांकडे पुन्हा येतो, कारण खरं दुखणं अजून कुणी विचारलं नाही. ही झीज आली कुठून?

तळाशी बोअर ८०.०३. नव्या रिंगचा गॅप ०.३० होता असं धरलं तर तिथे तो ०.३९ असायला हवा होता. वरच्या रिंगचा १.१० आहे. वाढ ०.७१, भागिले ६.२८: तोंडाची झीज ०.११ मिमी. हाच हिशेब दुसऱ्या रिंगला साधारण ०.०६ देतो, ऑइल रिंगला ०.०३. वर सगळ्यात जास्त, खाली सगळ्यात कमी, आणि वरची खाचही गेलेली. म्हणजे माती हवेबरोबर वरून आलीय. ऑइलमधून आली असती तर ऑइल रिंग आणि लायनरचा खालचा भाग आधी गेला असता.

एअर क्लीनर तपासा. ऑइल-बाथ (हवा तेलावरून गाळणारा) असेल तर तेल खुणेपर्यंत आहे का, तळाशी गाळ किती, आणि मुख्य म्हणजे क्लीनर आणि मॅनिफोल्ड (हवा इंजिनात नेणारा भाग) यांच्यामधला रबरी पाइप आणि पॅकिंग. पाइपला नखाएवढी चीर असली तरी सगळी माती क्लीनरला वळसा घालून आत जाते. पाइप काढून आतून बोट फिरवा. करकर लागली की चोर सापडला.

दुसरा चोर थंड पाणी. विहिरीचं पाणी थेट जॅकेटमधून सोडलं आणि वाल्व्ह पूर्ण उघडा ठेवला की लायनर थंडच राहतं. जळणातली वाफ लायनरवर जमते, गंधकाशी मिळून आम्ल होतं आणि वरचा भाग खाल्ला जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं, त्यामुळे आम्लाचा जोर पूर्वीइतका नाही. पण जमणारं पाणी तेल धुऊन नेतंच. बाहेर पडणारं पाणी हाताला चटका देईल इतकं गरम राहावं, एवढा वाल्व्ह आवळा.

बोअरगेज

पाइप तपासला. मॅनिफोल्डच्या बाजूला क्लॅम्पखाली चीर आहे, आतून करकर लागते. पाइप, दोन क्लॅम्प आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग यादीत घातलं. ऑइल-बाथच्या तळाशी बोटभर गाळ निघाला.

स्पॅनर१४

क्लॅम्प पत्र्याच्या पट्टीचे नकोत, स्क्रूचे घ्या. आणि इंजिन बांधल्यावर चालू असताना त्या सांध्यावर ऑइलचे दोन थेंब टाकून बघा. आत ओढले गेले तर अजून फट आहे.